ग्रंथालयाचा सर्व्हर सगळ्यांना खुला ठेवायचाय, पण आता भीती वाटते

रातांबा (सिंधुदुर्ग, धागा काढणारी)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात गेली सहा वर्षं एक सर्व्हर आहे. त्याची देखभाल मी करते. पगारी काम नाही, शाळेत शिकवते आणि संध्याकाळी दोन तास ग्रंथालयात बसते. मशीन म्हणजे एका ऑफिसने मोडीत काढलेला टॉवर, त्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क आणि डेबियन ही लिनक्स प्रणाली. यंत्र जुनं आहे, पण त्याच्यावर जे साठलंय ते गावात दुसरीकडे कुठे नाही. दशावताराच्या रात्र-रात्रभराच्या प्रयोगांची रेकॉर्डिंग आहेत. एका निवृत्त गुरुजींनी घरोघर फिरून जमवलेल्या मोडी कागदांची स्कॅन आहेत, आणि प्रत्येक कागदाचं बाळबोध लिप्यंतर ते स्वतः टाइप करून त्याच्या शेजारी ठेवतात. आंबा बागायतदार मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांवर कधी आणि कुठली फवारणी केली ते तिथे लिहितात. शिवाय कॉलेजची मुलं. पंचवीस-तीस खाती त्यांचीच आहेत. ती पायथन शिकतात, स्वतःची वेबपानं ठेवतात, एकमेकांचे प्रोग्राम उघडून बघतात. घरी लॅपटॉप नसलेली मुलंसुद्धा मोबाइलवर टर्मक्स हे अ‍ॅप टाकून एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या यंत्रात दुरून सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, या मशीनवर काम करतात.

पहिल्यापासून पद्धत अशी, की सगळं सगळ्यांना खुलं. ‘सर्वांसाठी’ नावाचं फोल्डर, त्याचा एकच पासवर्ड, तो काउंटरच्या काचेखाली कागदावर लिहिलेला. मुलं शिकायला कुडाळला, मुंबईला जातात, त्यांना तिथूनही काम करता यावं म्हणून स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा कायमचा पत्ता) घेऊन एसएसएच बाहेरच्या जगाला उघडं ठेवलेलं.

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी ग्रंथालयात शिरले तर कपाटामागून पंख्याचा आवाज येत होता. असा, की गिरणीत दळण संपून जातं रिकामं फिरायला लागतं तेव्हा जसा येतो. कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारा ‘टॉप’ लावून बघितलं. ‘केवर्कर’ नावाची एक प्रक्रिया चारही कोअर खाऊन बसली होती, ३९२ टक्के. नाव कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, कामांचं असतं तसंच, क्षणभर मीही फसले. मग डावीकडचा रकाना पाहिला. कर्नलची कामं नेहमी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, नावावर चालतात आणि ही चालली होती ‘टेस्ट’ नावाच्या खात्यावर. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, एकच ओळ, दर मिनिटाला बाहेरून एक फाइल ओढून चालवणारी. कोणीतरी आमच्या मशीनवर क्रिप्टो चलन खणत होतं. कोण कधी आत आलं ते दाखवणारं ‘लास्ट’ लावलं तर तीन दिवसांपूर्वी पहाटे ३.१२ ला परदेशातल्या पत्त्यावरून झालेलं लॉगिन दिसलं. आणि त्याआधीच्या लॉगमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) फसलेल्या पासवर्डांच्या ओळींवर ओळी, खात्यांची नावं रूट, अ‍ॅडमिन, ओरॅकल, पाय, टेस्ट, पुन्हा रूट. थांबतच नव्हत्या.

मी केबल उपसली आणि तिथेच खाली बसले. काही गेलं नाही, एकही फाइल पुसलेली नाही. पण आठ दिवसांनी कार्यकारी मंडळाची सभा झाली आणि तिथे बोलणं असं निघालं, की बाहेरून येणं बंद, मुलांची खाती बंद, ‘सर्वांसाठी’ फक्त ग्रंथपालांच्या संगणकावरून. मी एक महिन्याची मुदत मागून घेतली आहे. सभेनंतर गुरुजी एवढंच म्हणाले, “माझ्या वहीक कुलूप कित्याक?” मला उत्तर देता आलं नाही.

हे उघडं ठेवून नीट सांभाळता येतं का, आणि येत असेल तर कसं, ते कृपया सांगा.

गलबत (मुंबई, मूळ गाव राजापूर तालुक्यात)

रातांबाताई, केबल उपसलीत हे सगळ्यात बरोबर केलंत. हे माझं रोजचं काम आहे म्हणून आधी तातडीचं सांगतो.

ते मशीन साफ करत बसू नका. एकदा कोणी आत आलं की त्याने अजून कुठे काय ठेवलंय ते त्याच मशीनला विचारून कळत नाही, कारण उत्तर देणारे ‘पीएस’ आणि ‘एलएस’ हे आदेशसुद्धा बदललेले असू शकतात. नवीन डेबियन टाका. जुन्या डिस्कवरून फक्त कागद, आवाज, मुलांचा कोड एवढंच उचला, चालणारी कुठलीही बायनरी (तयार प्रोग्राम-फाइल) नको. प्रत्येकाच्या होम फोल्डरमधली एसएसएचच्या किल्ल्यांची फाइल, म्हणजे पासवर्डाशिवाय कोणाला आत सोडायचं ती यादी, उघडून बघा. जाता जाता आपली एक किल्ली तिथे टाकून ठेवणं ही या लोकांची नेहमीची रीत.

दुसरं, एसएसएचवर पासवर्ड पूर्ण बंद, फक्त किल्ली. फिनलंडमध्ये विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी वाटेत बसून पासवर्ड टिपले, तेव्हा टाटू युलोनेन याने १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. वाटेत टिपणं त्याने थांबवलं. पण ‘टेस्ट’ला ‘टेस्ट१२३’ असा पासवर्ड असेल तर टिपायची गरजच पडत नाही, अंदाजाने मिळतो. तुम्ही पाहिलेल्या ओळी तुमच्या ग्रंथालयावर कोणाचा राग आहे म्हणून नव्हत्या. यंत्रं दिवसरात्र प्रत्येक आयपीवर बावीस नंबरचं दार वाजवत फिरत असतात. दार सापडलं, सोपा पासवर्ड सापडला, काम झालं.

पोर्ट, म्हणजे हा दाराचा नंबर, बदलला तर लॉग शांत होतात, बाकी फार काही साधत नाही. पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या पत्त्याला बंदी घालणारं फेलटूबॅन लावायला हरकत नाही, पण एक ध्यानात ठेवा. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या आयपीच्या मागे बसवतात. तुमची मुलं मोबाइलवरूनच येतात. एकाने पाचदा चुकवलं की त्याच टॉवरखालच्या सगळ्या मुलांना बंदी बसायची. पासवर्डच बंद असतील तर बंदीचा काळ दहा मिनिटांवर ठेवला तरी पुरे.

दीपस्तंभ (रत्नागिरी)

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी एका पतसंस्थेची यंत्रणा सांभाळतो.

तुमचं मंडळ घाबरट नाही, बरोबर आहे. स्टॅटिक आयपी संस्थेच्या नावावर आहे. उद्या तुमच्या मशीनवरून दुसऱ्या कोणावर हल्ला झाला तर पोलीस तुमच्याकडे येतील, त्या परदेशी पत्त्याकडे नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांत अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायला सांगितलं आहे, आणि लॉग १८० दिवस जपायला. नोंदणीकृत संस्थेने हे आपल्याला लागू आहे असं धरूनच चालावं. तुम्ही आठ दिवसांनी सभा घेतलीत. लॉग किती दिवसांचे आहेत तुमच्याकडे? आणि ते त्याच मशीनवर असतील तर त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा?

मुलांना शिकवायचं असेल तर प्रत्येकाला घरच्या घरी शिकता येईल अशा हजार गोष्टी आता आहेत. गावाचा दस्तऐवज आणि मुलांचं खेळणं एका मशीनवर ठेवणं मला पटत नाही.

पाणंद (देवगड)

दीपस्तंभदादा, शेवटचं वाक्य सोळा आणे पटलं, त्यावर पुढे कोणी लिहीलच. पण ‘बंद करा’ यावर माझा अनुभव सांगतो.

मी पूर्वी एका कॉलेजच्या लॅबमध्ये होतो. तिथे एकदा व्हायरस आला, प्राचार्यांनी फर्मान काढलं आणि आम्ही सगळं बंद केलं. सामायिक ड्राइव्ह बंद, बाहेरच्या साइट बंद, यूएसबी बंद. दोन महिने शांत. मग नेटवर्क मध्येच अडकायला लागलं, कोणाला काही तर कोणाला काहीच आयपी मिळेना. शेवटी मी टेबलाखाली रांगत एकेक केबल हाताने धरून गेलो. स्विचच्या मागे, पडद्याआड, एक पांढरा घरगुती वायफाय राउटर सापडला. त्याला खालून सेलोटेप, वर धुळीचा थर. कोणी लावला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तरांनाही तो ठाऊक होता, कारण प्रश्नपत्रिका पाठवायला तेही तोच वापरत होते. आम्ही रीतसर दार बंद केलं आणि लोकांनी भिंतीला भोक पाडलं, आणि त्या भोकावर लॉग नव्हता, पासवर्ड नव्हता, काहीच नव्हतं.

आपल्याकडे जमिनीच्या निम्म्या कज्ज्यांचं मूळ वहिवाटीत असतं. कोणाच्या तरी वाडीतून शंभर वर्षं लोक विहिरीवर जातात. मालकाने गडगा घातला की लोक जायचे थांबत नाहीत, गडगा ढासळतो. शहाणा मालक गडगा घालतो आणि वाट असते तिथे बेडं ठेवतो. गुरं आत येत नाहीत, माणूस येतो, आणि कोण येतंय ते ओटीवरून दिसतं. ताई, तुमच्याकडे बेडं नव्हतंच, हा दोष. वाट बंद करणं हा त्याच्यावरचा उपाय नव्हे.

रातांबा

सगळ्यांचे मनापासून आभार. दीपस्तंभदादा, राग कसला, लॉगचा प्रश्न योग्य आहे. आमच्याकडे चारच आठवड्यांचे आहेत आणि त्याच मशीनवर. सहा तासांचं मला माहीतच नव्हतं, ते काल ईमेलने कळवलं.

किल्ल्यांची अडचण अशी, की मुलं एका संध्याकाळी शिकतील, गुरुजी नाही शिकणार. त्यांचं वय सत्त्याहत्तर. फोल्डरवर दोनदा क्लिक केलं की उघडलं पाहिजे. ग्रंथालयात बसतात तेव्हा ठीक, पण पावसात ते घरूनच काम करतात.

सुरंगी (वेंगुर्ले)

गुरुजींना एसएसएच कशाला? त्यांच्या लॅपटॉपवर वायरगार्ड, म्हणजे घर ते ग्रंथालय अशी खाजगी सुरक्षित वाट, एकदा बसवून द्या. तो आपला आपण जोडला जातो आणि ग्रंथालयातलं सांबाचं (नेटवर्कवर फाइली वाटणाऱ्या प्रोग्रामचं) फोल्डर घरी जसंच्या तसं दिसतं. त्यांना काही शिकावं लागत नाही. फक्त एवढं करा, की सांबा कधीही थेट इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या याच फाइल-शेअरिंगमधल्या भोकातून जग पालथं घातलं, आणि मायक्रोसॉफ्टने त्यावरचं ठिगळ मार्चमध्येच दिलेलं होतं. लोकांनी लावलं नव्हतं एवढंच. अपडेट आपोआप लागू द्या. सहा वर्षांत किती वेळा हाताने लावलेत ते स्वतःलाच विचारा, मीही विचारलं होतं.

आता मुख्य गोष्ट. तुमचा सर्व्हर एका खोलीचं घर आहे, म्हणून दार उघडं की बंद एवढाच प्रश्न उरतो. आपली घरं तशी नसतात. खळ्यात कोणीही येतं. पडवीत वाटसरू टेकतो. ओटीवर ओळखीची माणसं, माजघरात घरचे, आणि कोठीची किल्ली एकीच्याच कमरेला. कोणाला अपमान वाटत नाही, कारण हे सगळ्यांना ठाऊक असतं. तसंच मांडा.

खळं म्हणजे वेबसाइट. दशावताराची रेकॉर्डिंग, खुले मोडी कागद, सगळं जगाला वाचता-ऐकता येईल, लिहिता कोणालाच येणार नाही. पडवी म्हणजे मुलांचं मशीन, आणि ते खरोखर वेगळं हवं. त्याच टॉवरवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला वेगळा संगणक, चालवा. तिथे मुलांनी काहीही मोडावं, तुम्ही पंधरा मिनिटांत पुन्हा उभं कराल. प्रत्येकाला प्रोसेसर आणि मेमरीची मर्यादा सिस्टमडीमध्ये (डेबियनच्या सेवा चालवणाऱ्या भागात) घालता येते, मग उद्या कोणी खणायला बसला तरी एका मुलाच्या वाट्याएवढंच खणेल. तिथून गुरुजींच्या कागदांकडे जायला वाटच नको. ओटी म्हणजे गावाची सामायिक फोल्डरं. मोडीचा गट वेगळा, बागायतदारांचा वेगळा. फोल्डरला सेटजिड ही परवानगीची खूण लावा, म्हणजे आत टाकलेली फाइल आपोआप गटाची होते आणि ‘माझी फाइल दुसऱ्याला उघडत नाही’ ही रोजची तक्रार संपते. स्टिकी बिट लावा, म्हणजे दुसऱ्याची फाइल कोणाला पुसता येत नाही. सांबाला रिसायकलचं मॉड्यूल जोडा, म्हणजे पुसलेली फाइल कचरापेटीत राहते. चुकून पुसणं हे चोरीपेक्षा दसपट वेळा होतं.

कोठी म्हणजे रूट आणि बॅकअप. तिथे तुम्ही आणि अजून एकच माणूस. दुसरा माणूस हवाच, कारण तुम्ही आजारी पडलात तर किल्ली कोणाकडे?

अजून एक राहिलं. सगळं खुलं म्हणता, पण मोडी कागदांत काय आहे ते बघितलंय का? वाटणीपत्रं, गहाणखतं, कोणी कोणाला किती नाण्यांना जमीन लिहून दिली ते. ज्यांच्या घरून कागद आणले त्यांना विचारलंय का, की हे वेबसाइटवर चालेल का? हा प्रश्न हॅकरचा नाही, पण माझ्या मते यातला हाच सगळ्यात कठीण आहे.

आडवाट

+१. सुरंगीताईंचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

खाडीपलीकडे (उरण)

सुरंगीताईंच्या माजघर-पडवीला माझ्याकडून पुरावा देतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला तेव्हा मी न्हावाशेवाजवळ कंटेनरच्या कामात होतो. तिथल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं आणि आमचे कंटेनर कुठे आहेत ते सांगणारं कोणी राहिलं नाही. सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथला धागा उरणला कसा पोचला? कारण आतून सगळी मशीनं एकमेकांना उघडी. एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड काढायचा आणि तोच पुढच्या मशीनला लावायचा. बाहेरचा गडगा भक्कम होता, आत भिंती नव्हत्या.

कंपनीला नंतर चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कोण कोण वापरकर्ते आहेत ती यादी ठेवणारे डोमेन कंट्रोलर जगभरात एकमेकांची नक्कल करत बसलेले, म्हणून सगळेच एका दमात गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती.

हे वाचलं तेव्हा मला गावची आठवण आली. आपल्याकडे वीज जाते ती शाप म्हणून. पण बॅकअपची डिस्क बहुतेक वेळ वीज काढून, केबल काढून ठेवलेलीच बरी. सतत जोडलेला बॅकअप म्हणजे मूळ प्रतीचा जुळा भाऊ, एकाला ताप आला की दुसऱ्याला येणार.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बॅकअपचा विषय निघाला म्हणून. २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात पाणी छताच्या पंख्यापर्यंत होतं. सर्व्हर तळमजल्यावर, आणि त्याचा बॅकअप त्याच टेबलाच्या खालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. चिखल काढताना ती पिशवी मिळाली. गाठ शाबूत होती, आत पाणी होतं. सात वर्षांचे हिशोब होते.

कोण आत येईल याची काळजी करता ती कराच. पण तुमचं ग्रंथालय किनाऱ्यावर आहे. निसर्ग आणि तौक्ते दोन्ही वादळं तुम्ही बघितलीत. एक प्रत गावाबाहेर हवी, समुद्रापासून आत, उंचावर. डिस्क एन्क्रिप्ट करा म्हणजे कोणाच्याही घरी निर्धास्त ठेवता येईल. आणि सहा महिन्यांनी तिच्यातून एक फाइल प्रत्यक्ष परत काढून बघा. मी ते कधीच केलं नव्हतं.

काजूगर

मी हे लिहू की नको यात चार दिवस गेले. बाई, मी तुमच्या ग्रंथालयातलाच आहे.

‘टेस्ट’ खातं तुम्ही दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या शिबिरासाठी काढलं होतं. शिबिर संपलं तरी ते चालू होतं. आम्ही सगळे तेच वापरत होतो. पासवर्ड आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या वर्णनातच लिहिलेला आहे. नवीन मुलगा आला की त्याला तेच द्यायचो.

कारण स्वतःच्या खात्याला अर्ज लागतो, त्यावर पालकांची सही, मग मंडळाच्या महिन्याच्या सभेत मंजुरी. माझ्या मित्राचा अर्ज दोन सभा राहिला, कारण कोरम नव्हता. तोवर त्याची प्रोजेक्टची तारीख गेली. आम्हाला वाईट काही करायचं नव्हतं. पण ते खातं कोणाचंच नव्हतं म्हणून पहाटे तीनला तिथे कोण बसलंय ते बघायला कोणीच नव्हतं. माझं स्वतःचं असतं तर मला लॉगिन करताना ‘मागचं लॉगिन अमुक ठिकाणाहून’ ही ओळ बघून कळलं असतं.

माफ करा. सगळ्यांची खाती बंद करू नका एवढंच मागतो.

दीपस्तंभ

काजूगर, तू लिहिलंस हे फार मोठं काम केलंस. या पूर्ण धाग्यात घटनेचं खरं कारण पहिल्यांदा तुझ्या प्रतिसादात आलं.

मी माझं मत थोडं बदलतो. मी ‘खाती कमी करा’ म्हणत होतो. इथे खाती कमी होती म्हणूनच एका खात्यावर वीस जण बसले. ताई, खातं मिळणं त्याच दिवशी करा. मंडळाची मंजुरी कशाला? वाचक म्हणून नोंद आहे, ओळखीचा सभासद सोबत आहे, काउंटरवर सही करून घ्या आणि पाच मिनिटांत द्या. मात्र मुदत घाला. डेबियनमध्ये खात्याला संपण्याची तारीख लावता येते. दर जूनला सगळी संपतील, ज्याला हवं तो येऊन वाढवून घेईल. शिबिरांच्या खात्यांना शिबिराची शेवटची तारीखच लावा.

उलट, पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावणं मात्र नको. आमच्या संस्थेत ते करून बघितलं आणि प्रत्येकाच्या पासवर्डाच्या शेवटी महिन्याचा आकडा आला. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनेही २०१७ पासून हा सक्तीचा बदल नको असंच सांगितलंय. गुरुजींना चार शब्दांचा लांब पासवर्ड ठेवू द्या.

लॉगबद्दल माझा आग्रह कायम आहे. ते दुसऱ्या यंत्रावर गेले पाहिजेत, तत्काळ.

पाणंद

लॉग ठेवा, पण कशाचे ठेवताय ते भिंतीवर लिहून लावा. कोण कधी आलं, कुठून आलं, एवढं हवं. कोण काय वाचतं ते नको. ग्रंथालयात कोणी कुठलं पुस्तक नेलं ते आपण चारचौघांत सांगत नाही, तसंच. रूटला सगळ्यांचं होम फोल्डर उघडता येतं, म्हणून उघडायचं नसतं. कारण असेल तेव्हा दुसऱ्या माणसासमोर उघडायचं आणि वहीत लिहायचं.

मुलांचे प्रोग्राम एकमेकांना दिसावेत हे मात्र जपा. आता बऱ्याच लिनक्समध्ये होम फोल्डर इतरांना बंदच येतं, उबुंटूने २१.०४ पासून तसं केलं. बरोबरच आहे. पण प्रत्येकाच्या घरात एक ‘उघडं’ फोल्डर ठेवा, जे पडवीतल्या सगळ्यांना वाचता येईल. दुसऱ्याचा कोड वाचूनच मी शिकलो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एआय लॅबमध्ये एके काळी पूर्ण यंत्रणेवर पासवर्डच नव्हते, आणि पुढे शेजारच्या लॅबमध्ये पासवर्ड आले तेव्हा एआय लॅबमधला प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन लोकांना सांगत फिरला, की रिकामा पासवर्ड ठेवा. तो काळ आता परत येणार नाही, नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्मनेच, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या प्रोग्रामने, ते दाखवलं. सोपे पासवर्ड आणि एका मशीनचा दुसऱ्यावरचा आंधळा विश्वास, यांचाही त्याने फायदा घेतला होता. पण ती माणसं ज्यासाठी भांडत होती ते वाया जाऊ देऊ नका.

रातांबा

पाच आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल क्षमस्व.

आधी काजूगर. मी त्याला दुसऱ्याच दिवशी भेटले. ते खातं काढून विसरले मी, आणि मंजुरीची अट मंडळात मांडलीही मीच होती, ‘शिस्त राहील’ म्हणून. हे मी सभेत सगळ्यांसमोर सांगितलं.

मशीन दसऱ्याच्या सुट्टीत तीन दिवस बसून पुन्हा उभं केलं. गलबतदादांनी सांगितलं तसंच निघालं. ‘टेस्ट’च्या घरात एक अनोळखी किल्ली होती, पुढच्या खेपेसाठी ठेवलेली. मुलांचं मशीन वेगळं झालं. ‘केली चूक, पुन्हा उभं’ याचा सराव त्यांच्याचकडून करून घेतला, आता बारा मिनिटं लागतात. काचेखालचा कागद काढला. खातं काउंटरवर मिळतं, पहिल्या पंधरवड्यात एकोणीस नवीन खाती झाली आणि त्यातली अकरा मुलींची आहेत. या मुली आधी ‘टेस्ट’वर येतच नव्हत्या, कारण तो पासवर्ड मुलांच्या ग्रुपवर होता. हे मला कधी दिसलंच नव्हतं.

सुरंगीताईंच्या प्रश्नाने मात्र झोप उडवली. गुरुजी आणि मी सत्तावीस घरी गेलो. एकोणीस घरांनी ‘खुशाल ठेवा’ म्हटलं. पाच घरांनी नाही म्हटलं. तीन ठिकाणी दोन भावांचं एकमत नाही. एका घरात तर त्याच कागदावरून विहिरीच्या वाटेचा दावा कोर्टात चालू आहे. तो कागद सहा वर्षं जगाला खुला होता. तो आणि बाकीचे सात आता ओटीवरसुद्धा नाहीत, गुरुजींच्या गटापुरते आहेत. बागायतदारांचंही तेच झालं. फवारणीच्या नोंदी शेजाऱ्यांनी वाचाव्यात अशी त्यांची इच्छा आहे, पण दलालांनी वाचून भाव पाडू नये. त्या वेबवरून काढल्या, गटात ठेवल्या. वाचायला त्यांच्या पोरांना खाती दिलीत.

बॅकअपची एक डिस्क आता घाटावर आजऱ्याला माझ्या बहिणीकडे असते, एक इथे कपाटात, केबल काढून. दर महिन्याला एसटीने अदलाबदल. वाशिष्ठीकाठदादा, मागच्या रविवारी तिच्यातून एक गहाणखत परत काढून उघडून बघितलं. उघडलं.

मंडळाने बाहेरून येणं मार्चपर्यंत चालू ठेवायला मंजुरी दिली आहे, नंतर पुन्हा बघू म्हणाले. गुरुजींच्या घरी वायरगार्ड चालतो. परवा त्यांच्या एका लिप्यंतराखाली दुरुस्ती आली, ‘खुर्दा’ नव्हे ‘खर्डा’, आणि फाइलवर नाव होतं काजूगरचं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं, हो पोर मोडी खय शिकलो.

राहिलेलं एकच. लॉग अजून त्याच मशीनवर आहेत. गलबतदादा, तुम्ही शिमग्याला गावी येता म्हणालात ना?

गलबत

येतोय ताई. राजापूरहून तुमच्याकडे एक दिवस काढतो. घरी एक जुना रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, पडलाय, तो लॉग घ्यायला पुरेल, फक्त घेईल, त्याच्यात बाहेरून लॉगिन नाही. तोवर घड्याळ एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवायच्या सोयीने) जुळवून ठेवा, नाहीतर दोन यंत्रांच्या वेळा जुळत नाहीत आणि लॉग असून नसल्यासारखे होतात. आणि काजूगरला सांगा त्या दिवशी मोकळा राहा. कोठीचा दुसरा माणूस अजून ठरलेला दिसत नाही.